दहा कॅसेटी आणि एक फ्लॉपी ड्राइव्ह

प्रिय विमल,

पत्र लिहिणं हे माझं काम नव्हे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तू मास्तरकीच्या ट्रेनिंगला चंद्रपूरला होतीस तेव्हा मी दोन पत्रं पाठवली होती. दोन्ही तू लाल शाईनं तपासून परत धाडलीस! तेव्हा जो हात आखडला तो आजपर्यंत. आज बसलो आहे, कारण एक गोष्ट पोटात ठेवून ठेवून जड झाली. घरात सांगायला कोणी नाही, आणि रेडिओ दुरुस्तीला आलेल्या माणसाला सांगण्यासारखी ती नाही.

दोन आठवड्यांपूर्वी मी नागपूरहून तुझ्या कॉम्प्युटरसाठी फ्लॉपी ड्राइव्ह आणला. हो, तोच, ज्याच्यासाठी तू तीन वर्षं माझ्या मागे लागली होतीस. तुझ्या दहा कॅसेटींमधले गोंडी शब्द त्याच्यावर उतरवायला घेतले. नऊ कॅसेटी उतरल्या. एक उतरली नाही, आणि ती का उतरली नाही हे तुला सांगायलाच हवं.

ड्राइव्ह मी तुझ्या प्रेमापोटी आणला असं लोक म्हणतात. म्हणू देत. खरं कारण वेगळं आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी तापात तू मला ओळखलं नाहीस, आणि एकच गोष्ट गोंडीत पुन्हा पुन्हा सांगत राहिलीस. माझ्याकडे बघून सांगत होतीस! मी तुझा हात धरून नुसता 'हो, हो' म्हणत होतो. तुला पाणी हवं होतं का? कुठे दुखत होतं का? अकरा वर्षं तू त्या भाषेतले शब्द माझ्याच घरात जमवत, माझ्याच टेपवर भरत होतीस, आणि मला त्यातले चार शब्द येत नव्हते. तू काय मागत होतीस ते तुझ्याच कॅसेटींत सापडेल, असं मी धरून चाललो होतो. आठ महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला धानोऱ्याची इतकी माणसं आली की शेजारच्या तीन घरांतल्या चटया आणाव्या लागल्या. ट्रकमध्ये उभं राहून आली होती. मी त्यांतल्या चौघांनाही ओळखत नव्हतो. ती मात्र मला ओळखत होती! "हे बाईचे मेकॅनिक," असं एकमेकांना सांगत होती. तू रोज सकाळच्या एसटीनं धानोऱ्याच्या शाळेत शिकवायला जायचीस आणि मी एकदाही आलो नाही. दर गॅदरिंगला तू म्हणायचीस, "या ना एक दिवस." मी म्हणायचो, "दुकान कोण पाहीन?" दुकान तर आता तीन-तीन दिवस बंद असतं, विमल. काही बिघडत नाही कोणाचं.

तुझं ते यंत्र आपण कसं आणलं, आठवतं? कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातले एक साहेब बदली होऊन चालले होते आणि सामान विकत होते. तुझ्या भावानं निरोप पाठवला. मला वाटलं, असेल एखादा बरा रेडिओ. निघालं काय, तर काळ्या रबरी बटणांचा एक चपटा डबा! टीव्हीला जोडायचा आणि टेपरेकॉर्डरवर त्याचं सगळं साठवून ठेवायचं. तू तो मांडीवर घेऊन चंद्रपूर, मूल करत गडचिरोलीपर्यंत बसलीस. कंडक्टर म्हणाला, "बाई, टाइपरायटरले लगेज लागते." तू म्हणालीस, "टाइपरायटर नाई, कॉम्प्युटर आहे." त्यानं डबा उलटासुलटा करून पाहिला, आणि मला म्हणाला, "भाऊ, तुमाले फसवलं कोणी तरी."

मलाही तसंच वाटलं होतं.

शब्दांचं वेड तुला त्या यंत्राच्या आधीचं. धानोऱ्याच्या पहिल्याच वर्षी पहिलीतली एक मुलगी पोट धरून तुला काहीतरी सांगत होती आणि तू तिला पाढे म्हणायला उभं केलंस. ती रडायला लागली. तुला वाटलं, पाढे येत नाहीत म्हणून रडते. बालवाडी सांभाळणारी, गावचीच तानीबाई धावत आली. "बाई, तिच्या पोटात दुखून राह्यलं, ते सांगते थे." त्या दिवशी घरी येऊन तू जेवली नाहीस. मी चिडवलं, आता बाईंच्याच पोटात दुखतं की काय? तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी ताट उचलून बाहेर जाऊन जेवलो.

मग तू चिठोऱ्यांवर शब्द टिपायला लागलीस. एसटीत, शाळेत, तानीबाईच्या अंगणात. येर म्हणजे पाणी. जावा म्हणजे आंबील. गादीखाली चिठोऱ्या, डब्यात चिठोऱ्या, माझ्या सोल्डरिंगच्या पेटीतसुद्धा चिठोऱ्या. यंत्र आलं तशी त्या शब्दांची त्यात भरती सुरू झाली. इंग्रजी अक्षरांत का होईना, एका बाजूला गोंडी, दुसऱ्या बाजूला मराठी.

"वहीत काऊन लिहून ठेवत नाईस?" मी विचारलं होतं.

"वही चाळतपर्यंत पोरगी घरी निघून जाते. इथी मी शब्द दाबतो आन् अर्थ हजर! उद्या नवीन मास्तर येईन, त्याले तरी पोरगी काय म्हणून राह्यली थे समजन."

यंत्राच्या पोटात एका वेळी थोडेच शब्द मावायचे. म्हणून तू विषय पाडलेस आणि एकेका विषयाला एक कॅसेट दिलीस. पाणी-जेवण-भांडी, झाडं-पानं, गुरंढोरं, नातीगोती. ते दुखण्याचे शब्द, ज्यांच्यापासून सगळं सुरू झालं, ते भरायला मात्र तुला सर्वांत जास्त दिवस लागले, कारण आपली दुखणी कोणी यादी करून सांगत नाही. ती सातवी कॅसेट.

आणि तुझी ती पद्धत! शब्द टेपवर उतरवायच्या आधी तू रेकॉर्डरची वायर काढायचीस, बटण दाबायचीस आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात बोलायचीस, "कॅसेट तिसरी. गुरंढोरं आणि रानातली जनावरं." मग वायर खोचायचीस, आणि यंत्र तुझे शब्द शिट्टी आणि चरचर करून टेपवर उतरवायचं; वायरीशिवाय टेप लावली की ती शिट्टी कानठळ्या बसवायची. पुढे कुठली कॅसेट कुठली हे कळायला नाव बोलून ठेवायचं, इतकंच त्याचं काम. मी म्हणालो, वर कागद चिकटव की. तू म्हणालीस, कागद निघून जातो.

आज त्या दहा वाक्यांखेरीज तुझा आवाज जगात कुठे नाही. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याच्या बायकोचा आवाज! दुकानात शंभर कॅसेटी पडलेल्या, आणि तुला एकदा समोर बसवून काही भरून ठेवावं हे मला सुचलं नाही. तू नवी कॅसेट मागितलीस तेव्हाही मी तुला गिऱ्हाइकांनी टाकून दिलेल्या जुन्या गाण्यांच्या कॅसेटी दिल्या. "पुसून घे ना, काय होते?" म्हणालो. आता कळतं काय होते ते.

रंगीत टीव्हीचंही इथेच कबूल करून टाकतो. दोन वर्षांपूर्वी ड्राइव्हपुरते पैसे जमले होते. तू शाळेच्या डायरीत मागच्या पानावर यादीसुद्धा लिहून ठेवली होतीस. मी काय केलं? चंद्रपूरला गेलो आणि रंगीत टीव्ही घेऊन आलो. रविवारी सकाळी अख्खी गल्ली मालिका बघायला यायची आणि मी दारात उभा राहून 'या, या' करायचो, जणू मालिका मीच काढली होती! तू भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती म्हणालीस, "चांगला आहे. अक्षरं हिरवी दिसतील आता." आणि पुन्हा एकेक कॅसेट लावून पाच-पाच मिनिटं वाट पाहत बसलीस. चौथ्या मिनिटाला यंत्र चूक दाखवायचं आणि तू पहिल्यापासून सुरू करायचीस. मला वाटायचं, हिला हौसच आहे वाट पाहायची.

पण तूही काही कमी नव्हतीस! अंगात ताप घेऊन तीन दिवस शाळेत गेलीस. मला विचारलंस तर क्रोसिन आहे का एवढंच. "पोराइची चाचणी आहे," म्हणालीस. गडचिरोलीत राहून हिवतापाची थट्टा करतं का कोणी? तो डोक्यात चढला तेव्हा कुठे मला कळलं. माझा राग अजून गेलेला नाही, हे तुला माहीत असावं.

तू गेल्यावर दिवेलागणीला दुकान बंद करून घरी यायचो आणि करायला काही नसायचं. चूल पेटवायची इच्छा नसायची. शेजारणी सुरुवातीला डबा द्यायच्या, मग तेही हळूहळू थांबलं, थांबायचंच. एका संध्याकाळी मी तुझी कॅसेट लावली. पहिली. "कॅसेट पहिली. पाणी, जेवण, भांडीकुंडी." शिट्टी सुरू झाली की बंद केली. मागे घेतली. पुन्हा लावली. मग दुसरी, मग तिसरी. एकदा सातवी लावली. आणि विमल, सातवीत तू माझ्याशी बोलतेस! मी विसरूनच गेलो होतो.

"कॅसेट सातवी. अंगाची दुखणी. अवो, तो पंखा बंद करा ना! सारा आवाज यंत्रात जाऊन राह्यला."

मग मागून माझा आवाज येतो, "पंख्याले गोंडीत काय म्हणते?" आणि तू हसतेस. मोठ्यानं, शाळेतल्या बाईला न शोभेल असं. आणि शिट्टी सुरू.

त्यानंतर मी दुसरी कुठली कॅसेट लावली नाही. रोज सातवी. कधी दहा वेळा, कधी वीस. तुझं हसणं संपलं की बटण दाबायचं, मागे घ्यायचं, पुन्हा. सगळा हिवाळा असाच गेला. मी जेवत होतो की नाही ते मला आठवत नाही, पण सातवी लावल्याशिवाय एक दिवस गेला नाही हे नक्की.

मार्च लागला तशी दोन कॅसेटींना बुरशी धरलेली दिसली आणि मी हादरलो. हे गेलं तर तुझे शब्द गेले, आणि तू दवाखान्यात काय सांगत होतीस तेही गेलं. दुसऱ्या दिवशी रंगीत टीव्ही विकला. तुझ्या डायरीतलं पान फाडलं नाही, अख्खी डायरीच पिशवीत टाकली आणि यंत्र, टेपरेकॉर्डर, पहिली कॅसेट घेऊन नागपूरची गाडी धरली.

सीताबर्डीच्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर दुकान. दुकानदारानं आपलं यंत्र बघून तोंड वाकडं केलं. "भाऊ, हे तर खेळणं आहे. याच्यात पैसे काऊन टाकता? थोडे वाढवा, मोठ्ठा पीसी देतो."

माझं डोकंच फिरलं. "खेळन्यात सारी धानोऱ्याची शाळा भरून आहे," मी म्हणालो. "देता का दुसरीकडं जाऊ?"

मग तो जरा सरळ झाला. एकेक वस्तू काढून मांडली. खास कॉम्प्युटरसाठी बनवलेला टेपरेकॉर्डर, सर्वांत स्वस्त. नवा कोरा ड्राइव्ह, माझ्या ऐपतीबाहेरचा. आणि एका ऑफिसातून निघालेला जुना ड्राइव्ह, फ्लॉपीच्या दोन्ही बाजू वाचणारा, मजबूत, अर्ध्या किमतीत. मी त्या जुन्यावर हात ठेवणारच होतो. मग तुझी यादी पाहिली. वर तुझ्या गोल अक्षरात लिहिलेलं, "आधी इंटरफेस, मग ड्राइव्ह. नुसता ड्राइव्ह आणू नका, गाडी विसरून बैल घरी आणल्यासारखं होईल." दुकानात उभ्या उभ्या मला हसू फुटलं. दुकानदाराला विचारलं, याच्यासोबत इंटरफेस आहे का? तो म्हणाला, "नाई, थो अलग. आन् पावर सप्लाय पन अलग." सांगणार होता की नाही देव जाणे!

तासभर गणित मांडलं. तुझ्या यादीतला प्रिंटर तर सोडूनच दिला. शेवटी इंटरफेस नवा घेतला, कारण यंत्र आणि ड्राइव्ह जोडणारा तोच, तिथे खेळ नको. ड्राइव्ह जुना घेतला, पण चालवून, कान लावून. त्याचं डोकं चकतीवर मागेपुढे सरकताना आवाज एकसारखा येतो का ते ऐकलं. एवढं तर मला येतं. पावर सप्लाय घेतलाच नाही. ट्रान्सफॉर्मर दुकानात पडलेला आहे, पाच आणि बारा व्होल्ट काढायला मला कितीसा वेळ? वाचलेल्या पैशात दहा फ्लॉप्यांचा एक डबा. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढी अक्कल दोन वर्षांपूर्वी कुठे होती?

चालतं का बघायला दुकानदारानं पहिली कॅसेट लावली. भरदुकानात तुझा आवाज! "कॅसेट पहिली. पाणी, जेवण, भांडीकुंडी." कोणी मान वर केली नाही. एक जण बिल करत होता, एक जण चहा पीत होता. मी टेबल धरून उभा होतो. मग दुकानदारानं टेप मागे घेतली, वायर खोचली, आणि पुन्हा सुरू केली. या वेळी काहीच ऐकू आलं नाही. वायर खोचली की रेकॉर्डरचा स्पीकर बंद होतो, हे मी रोज गिऱ्हाइकांना समजावून सांगतो. तरी मी स्पीकरवर वाकून ऐकत राहिलो. तू बोलत होतीस, आणि ते वायरीतून थेट यंत्रात चाललं होतं.

घरी येऊन पावर सप्लाय केला. दोन दिवस लागले, एक फ्यूज उडाला. मग शेजाऱ्यांचा जुना काळा-पांढरा टीव्ही मागून आणला आणि एकेक कॅसेट लावायला घेतली. दर कॅसेटीला टेप वाचणाऱ्या हेडचा स्क्रू जरासा फिरवून आवाज स्वच्छ करून घ्यायचा, मग पाच मिनिटं टेपवरून, आणि फ्लॉपीवर दहा सेकंदांत! दहा सेकंद, विमल! बुरशी धरलेल्या दोन्ही कॅसेटीसुद्धा कापसानं पुसल्यावर उतरल्या. मला इतका आनंद झाला की मी 'अगं' म्हणून मोठ्यानं हाक मारली, आणि मग फ्लॉपीवर नाव लिहायला घेतलं.

सातवी मी शेवटी ठेवली होती. तिच्यातच तुझं उत्तर असणार असं वाटत होतं. दुखण्याचेच शब्द ना.

चूक. पुन्हा लावली. चूक. स्क्रू फिरवला, हेड पुसलं, दुसऱ्या रेकॉर्डरवर लावली. चूक. कॅसेट उघडून टेप उजेडात धरली. तुझं हसणं संपतं तिथून पुढे वीतभर पट्टीला सुरकुत्या पडल्या होत्या. काठ ताणून लाटांसारखा झाला होता. मी दहा-वीस वेळा रोज जिथे बटण दाबत होतो, नेमकी तीच जागा. तिथेच यंत्राची शिट्टी सुरू होते, आणि ती नीट मिळाली नाही तर पुढचं ते काही वाचत नाही. माझ्या दुकानात पाटी आहे, 'टेप पुन्हा पुन्हा त्याच जागी थांबवू नये'. माझ्याच हातची पाटी!

तुझा आवाज ऐकता ऐकता मी तुझे शब्द मारले. हे सांगायचं होतं.

दुसरी प्रत का केली नाहीस गं? आणि चिठोऱ्या? त्याही मीच. "घराचा उकिरडा केला" म्हणून कटकट करायचो, म्हणून शब्द यंत्रात गेले की तू त्या चुलीत घालायचीस.

चार दिवसांनी तानीबाई आली. गडचिरोलीला दवाखान्यात आली होती, तुझ्या घरी डोकावल्याशिवाय कशी जाईल? फाटकातूनच विचारलं, "बाईचे शब्द आले का सारे?"

मी खोटं बोललो. "नऊ आले. एक कॅसेट पहिलेच खराब होती."

ती आत आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "कोनती?"

"दुखण्याची."

"थे तं आमी दोघीनं दोन वरीस जमा केली होती." एवढंच. रागावली नाही. त्यामुळेच मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं तिला, रोज लावायचो ते, हसण्याचं, सुरकुत्यांचं. आणि बोलता बोलता दवाखान्याचंही सांगून टाकलं. आठ महिने मी तिला विचारलं नव्हतं. का, सांगू? भीती वाटत होती. तू काहीतरी साधं मागत असशील आणि मी ते दिलं नसेल तर? पाणी नव्हतं ते मला पहिल्या कॅसेटीवरून कळलं होतं. पण औषध? उशी? बायको काय मागत होती हे नवऱ्यानं दुसऱ्याला विचारायचं, ही लाजही होतीच.

तू जे म्हणत होतीस ते जसं कानात राहिलं होतं तसं मी म्हणून दाखवलं. तिला कळलं नाही. पुन्हा म्हणालो, हळू. तिसऱ्यांदा तिनं पदर तोंडाला लावला.

"कुठी दुखत होतं तिले?" मी विचारलं.

"दुखन्याचं नाई थे, भाऊ," तानीबाई म्हणाली. "शाळा सुटली का बाई दारात उभी राहून पोराइले म्हने. सारे मिळून जा, घरी जा, वाटेत थांबू नका. रोज म्हने. तिच्या डोक्यात शाळा सुटून राह्यली असन."

विमल, तू काहीच मागत नव्हतीस! मला किती हलकं वाटलं म्हणून सांगू? आणि दुसऱ्याच क्षणी किती एकटं. तू माझ्याकडे बघत होतीस, पण तुझ्या समोर मी नव्हतोच. तिथे पोरं होती, दप्तरं होती, जंगलातून जाणारी वाट होती. मी हात धरून बसलो होतो आणि तू मला इतर सगळ्यांबरोबर घरी जायला सांगत होतीस. आणि ते वाक्य तुझ्या दहाही कॅसेटींत नसणार. ते भरायचं तुला कधी सुचलंच नसेल, कोण आपलं रोजचं बोलणं टिपून ठेवतं?

मी तानीबाईला म्हटलं, दुखण्याचे शब्द मला पुन्हा सांग, मी आताच लिहून घेतो. ती म्हणाली, "इथी बसून नाई आठवत. पोराचं काही दुखन तवाच थो शब्द येते. बाई तशीच बसे आमच्यापाशी. तुमी या धानोऱ्याले." मग जाता जाता वळून म्हणाली, "नवीन बाई आल्या नागपूरच्या. चांगल्या आहे, पन त्याइले काही समजत नाई. परवा एक पोरगी कान धरून रडत होती, त्याइनं तिले बाकावर उभी केली."

म्हणून हे पत्र. शनिवारच्या सकाळच्या एसटीनं मी धानोऱ्याला जातो आहे. दर शनिवारी जाईन. सोबत वही आणि पेन्सिल, आणि डब्यात दोन भाकरी. लहान मुलांशी कसं बोलायचं हे मला येत नाही, आपल्याला कधी सवयच झाली नाही. तरी बसेन. दोन वर्षं लागली तर दोन वर्षं. एकेक शब्द घरी येऊन एका बोटानं फ्लॉपीवर भरीन, आणि प्रत्येक फ्लॉपीची दुसरी प्रत करीन, आणि तिसरी शाळेत ठेवीन.

सातवी कॅसेट कपाटात आहे. यंत्राच्या दृष्टीनं ती मेली, पण तुझं हसणं तिच्यावर अजून शाबूत आहे. आता मी ती कितीही वेळा लावली तरी शब्दांचं आणखी काही बिघडायचं उरलेलं नाही, आणि हा मोह फार मोठा आहे, रोज संध्याकाळी होतो. म्हणून तुला वचन देतो, विमल. तिच्यातले सगळे शब्द परत भरून होईपर्यंत मी ती कॅसेट लावणार नाही. पोरांची दुखणी आधी, माझं नंतर.

तुझा मेकॅनिक,
देवराव